फ्लीसचे जर्किन : थंडीत किती कामाचे, किती जोखमीचे?



दर अंकात आम्ही या पानांतून तुमच्याशी लागण, खोडवा, पाचट आणि खताचे हप्ते याविषयी बोलत असतो. या खेपेस विषय जरा निराळा आहे. "शेतकी साहेब कापडाच्या धंद्यात कधीपासून पडले?" असे कोणी म्हणेल, तर त्याचे म्हणणे खोटे नाही. पण विषय तुमच्या रात्रीच्या पाण्याचा आहे, तोडणी टोळ्यांच्या तळाचा आहे, आणि पुण्याहून घरी येणाऱ्या तुमच्या पोरांच्या पाठीवरचाही आहे. म्हणून दोन शब्द लिहावेसे वाटले. असो.

पुण्याच्या थंडीत

गेल्या हंगामात, जानेवारी महिन्यात, आम्हांला कारखान्याच्या कामासाठी दोन-तीन दिवस पुण्यास राहावे लागले. एक दिवस शिवाजीनगरला साखर संकुलात आणि एक दिवस मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये काम होते. उतरलो होतो आपल्याच एका सभासदाच्या मुलाकडे. हा मुलगा सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. पहाटेच उठून म्हणाला, "काका, चला पर्वतीवर. पुण्याची थंडी बघायची तर तिथं."

आम्ही घरून विणलेला जाड स्वेटर, त्यावर मफलर, त्यावर कानटोपी असा सगळा जामानिमा करून निघालो. पोराच्या अंगात एक पातळसे, मऊ, हलके जर्किन होते. आम्हांला वाटले, हा काकडणार. पण पायऱ्या चढू लागलो तशी आम्हांला घामाची धार लागली, आणि स्वेटर आतून ओला झाला. पोरगा मजेत होता. वर पोहोचल्यावर त्याने चेन अर्धी उघडली. उतरताना ऊन आले, तेव्हा जर्किन काढून बाह्या कमरेला बांधून टाकल्या. पर्वतीवर येणारे-जाणारे पाहिले तर निम्म्या लोकांच्या अंगात नाहीतर कमरेला हेच कापड.

"काका, हातात घेऊन बघा. वजनच नाही," पोरगा म्हणाला. खरेच नव्हते. आमचा स्वेटर ओझे वाटावा इतका फरक होता.

पुण्याच्या थंडीचा स्वभावच असा आहे की तिथे हे कापड शोभून दिसते. शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून थोडे उंच. हिवाळ्यात हवा कोरडी आणि आभाळ मोकळे असते. त्यामुळे दिवसा तापलेली जमीन रात्री सगळी ऊब वर सोडून देते. जानेवारीत पहाटे अकरा-बारा अंश आणि दुपारी तीसच्या आसपास, असा एकाच दिवसात अठरा अंशांचा फरक पडतो. कधी कधी पारा याहून पुष्कळ खाली जातो. पुण्यात १७ जानेवारी १९३५ रोजी किमान तापमान १.७ अंशांवर आले होते आणि तोच येथील नीचांक समजला जातो. साखर संकुलाच्या जवळच जे शिमला ऑफिस आहे, ते हवामान खात्याचे. खात्याचे मुख्यालय १९२८ साली शिमल्याहून पुण्यास हलले, म्हणून इमारतीला ते नाव पडले. पुण्याच्या थंडीचा हिशेब ठेवण्याचे काम तेथे पिढ्यान् पिढ्या चालले आहे.

आणखी एक गोष्ट. एकाच पहाटे पाषाणला जास्त थंडी असते आणि लोहगाव, मगरपट्ट्याकडे कमी. चार-पाच अंशांचा फरक सहज दिसतो. गार हवा जड असते, ती पाण्यासारखी खोलगट जागी उतरून साठते. शिवाय जिथे सिमेंट जास्त तिथे रात्रीही ऊब उरते. आपल्या रानातही हेच आहे. ओढ्याकाठच्या खालच्या तुकड्यात लावलेल्या उसाला कोंब उशिरा फुटतो आणि माळावरचा आधी दिसतो, हे जुन्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. त्याच ओढ्याकाठी रात्री दारे धरणाऱ्यालाही थंडी जास्त बाधते.

हे कापड आहे तरी काय?

दुकानदार याला 'पोलर' म्हणतात, कोणी 'फ्लीस' म्हणतात. इंग्रजीत फ्लीस म्हणजे मेंढीच्या अंगावरून कातरलेली लोकर. नावात मेंढी असली तरी कापडात मेंढीचा एक केससुद्धा नसतो. हे असते पॉलिएस्टर, म्हणजे खनिज तेलापासून केलेला धागा. आपण पाण्याच्या ज्या बाटल्या फेकून देतो, त्यांचे प्लॅस्टिकही याच जातीचे. जुन्या बाटल्या वितळवून धागा काढता येतो, आणि १९९३ पासून अशा बाटल्यांचे फ्लीसही बाजारात आहे. एका जर्किनाला पंचवीसच्या आसपास मोठ्या बाटल्या लागतात.

हे कापड निघाले अमेरिकेत. मॅसॅच्युसेट्स राज्यात लॉरेन्स नावाचे गिरणगाव आहे. तेथील माल्डन मिल्स या गिरणीने १९७९ च्या सुमारास ते तयार केले. धागा विणून त्यावर तारेच्या बारीक दातांनी खरवडायचे, म्हणजे धाग्याची टोके उभी राहतात आणि कापड लवदार, फुगीर होते. ११ डिसेंबर १९९५ रोजी या गिरणीला मोठी आग लागली. तेव्हा मालक आरॉन फॉयरस्टीन यांनी गिरणी दुसरीकडे हलवली नाही. ती तिथेच पुन्हा उभी केली आणि बसून असलेल्या कामगारांना काही महिने पगारही दिला. सहकारात वाढलेल्या आपल्यासारख्यांना ही गोष्ट मोलाची वाटावी.

आता ऊब येते कशी, ते पाहू. ऊब कापडात नसते, ती आपल्या अंगात असते. कापडाने फक्त ती राखायची. आणि राखण्याचे खरे काम कापडही करीत नाही, कापडात अडकलेली हवा करते. अडकून बसलेली हवा उष्णतेला सहजी पुढे जाऊ देत नाही. आपण खोडव्यात पाचटाचे आच्छादन करतो, तेव्हा जमिनीची ओल आणि ऊब राखली जाते. त्यात पाचटाइतकाच त्याच्या थरात कोंडलेल्या हवेचाही वाटा असतो. फ्लीसची लव म्हणजे अंगावरचे पाचट समजा. लव जेवढी दाट तेवढी ऊब जास्त. म्हणून धुऊन धुऊन गोळे आलेले, चपटे झालेले जर्किन कमी ऊब देते.

फायदे

पहिला फायदा वजनाचा. आपली घोंगडी दोन-तीन किलो भरते. फ्लीसचे जर्किन अर्ध्या किलोच्या आतबाहेर. अंगात असताना हात मोकळे राहतात. फावडे मारता येते, सायकल चालवता येते, दारे फोडता येतात.

दुसरा फायदा ओलीचा. लोकर आपल्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत दमटपणा पोटात घेते. पॉलिएस्टर एक टक्कासुद्धा घेत नाही. म्हणजे फ्लीस भिजले तरी पाणी धाग्यात मुरत नाही, धाग्यांच्या मधे राहते. पिळून झटकले की अंगावर घालण्याजोगे होते आणि दोन-तीन तासांत वाळतेही. सुती शर्ट किंवा गोधडी भिजली की उलट थंडी भरते. रात्री दारे धरताना पाटात पाय घसरून भिजणाऱ्या माणसाला हा गुण फार मोलाचा आहे. अजूनही पुष्कळ गावांत शेतीची लाईट आठवड्यातले काही दिवस रात्रीचीच असते. जेथे सौर वाहिनी आली, तेथे दिवसा पाणी देण्याची सोय होऊ लागली आहे, ही चांगली गोष्ट. पण ती सर्वत्र पोहोचेपर्यंत जानेवारीतल्या रात्री बांधावर काढाव्याच लागणार.

तिसरा फायदा किमतीचा. पुण्यात फूटपाथवर तीन-चारशेला मिळते, दुकानात हजाराच्या वर. कातडी जर्किनाच्या मानाने हे काहीच नाही. कसर लागत नाही, इस्त्री लागत नाही, अंगाला टोचत नाही. लहान मुले आणि म्हातारी माणसे घोंगडीला 'चावते' म्हणतात. फ्लीसला कोणी तसे म्हणत नाही.

चौथा फायदा आम्हांला एका सभासदांनी सांगितला. म्हणाले, "साहेब, हे जर्किन आल्यापासून शेकोटी करायची आठवणच व्हत न्हाई." हे फार चांगले झाले. शेकोटीचा धूर दमेकऱ्याला वाईट. त्याहून वाईट म्हणजे दार-खिडकी लावून शेगडी जवळ घेऊन झोपणे. निखाऱ्यातून निघणाऱ्या विषारी वायूला ना रंग ना वास, त्यामुळे माणूस झोपेतच जातो. अंगावर नीट कपडे असले, तर ही शेगडी घरात आणावीच लागत नाही.

वाऱ्यापुढे हार

आता दुसरी बाजू. पर्वतीच्या दुसऱ्या दिवशी त्याच पोराच्या मोटारसायकलवर मागे बसून आम्ही सकाळी साडेसहाला मांजरीस निघालो. स्वारगेट ओलांडले आणि वारा लागू लागला. हडपसर येईपर्यंत पोराचे दात वाजायला लागले. शेवटी गाडी बाजूला घेऊन त्याने चहाच्या टपरीवरून जुने वर्तमानपत्र मागून घेतले आणि छातीवर, जर्किनच्या आत, घडी करून घातले. "काका, काल तुम्हांला नावाजलेलं जर्किन आज उघडं पडलं," असे तोच म्हणाला.

कारण सोपे आहे. लवेत अडकलेली हवा जोवर अडकलेली असते तोवर ऊब. वारा आला की तो ती हवा पळवून नेतो. लव विरळ असते, तिच्यातून वारा आरपार जातो. दहा अंशांच्या थंडीत ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी चालवली, तर उघड्या कातडीला सहा अंशांची थंडी असल्यासारखे वाटते. पाचटाचे आच्छादन कितीही चांगले असले तरी सोसाट्याच्या वाऱ्यात त्याला माती ओढावी लागतेच ना? तसे फ्लीसवर एखादे वारा अडवणारे पातळ कापड हवे. पावसाळी कोट असेल तर तोच वरून घालावा. काही नसले तर त्या पोराने केली तशी वर्तमानपत्राची घडी. ही युक्ती स्वस्त आहे आणि खरी आहे.

आपल्या कामाच्या दृष्टीने दोन बारीक खोड्याही सांगितल्या पाहिजेत. एक, कुसळे, गोखरू, लेंडाळे सगळे या लवेला चिकटते. उसाच्या पानाच्या देठावरची कूस एकदा आत शिरली की मानेला दिवसभर खाज सुटते. उभ्या उसात शिरताना वरून जुना सुती शर्ट घालावा. दोन, टोपीच्या लोंबत्या नाड्या. कडबाकुट्टीशी, इंजिनाच्या पट्ट्याशी, उसाच्या गव्हाणीशी काम करणाऱ्याने त्या नाड्या कापून टाकाव्यात. नाडी ओढली गेली की मागोमाग मान ओढली जाते.

आमची चूक

आता जे सांगायचे ते सांगताना हात थोडा अडखळतो, पण सांगितलेच पाहिजे.

पुण्याहून निघताना त्या पोराने आणि त्याच्या मित्रांनी जुनी जर्किने गोळा करून दोन पोती भरून आमच्या जीपमध्ये टाकली. म्हणाले, "काका, तोडणीवाल्यांच्या पोरांना द्या." मन भरून आले. परतल्यावर दुसऱ्याच दिवशी तळावर जाऊन आम्ही ती वाटली. कोप्यांसमोर मुलांना रांगेत उभे करून फोटोही काढला. तो याच पत्रिकेसाठी होता.

चौथ्या दिवशी पहाटे मुकादमाचा फोन आला. सात-आठ वर्षांची एक मुलगी आई फडावर निघण्याच्या तयारीत असताना चुलीपुढे शेकत बसली होती. अंगात वाटपातले जर्किन, मोठ्या माणसाचे, बाह्या हातापेक्षा लांब. बाहीचे टोक जाळाला लागले. आईने धावत येऊन घोंगडी टाकून विझवले आणि हंड्यातले पाणी ओतले. तरी मनगटापासून कोपराच्या खालपर्यंत हात भाजला. आम्ही गाडी घेऊन गेलो, दवाखान्यात नेले. पोर बरी झाली, हात चालतो, पण डाग राहिला.

तिची आई आम्हांला रागाने बोलली असती तर बरे वाटले असते. ती एवढेच म्हणाली, "साहेब, फडक्यावाणी जळलं न्हाई ते. मेणावाणी गळलं आन् कातड्याला धरून बसलं."

यावर आम्ही काय बोलणार? शेतीचे शिक्षण घेतलेल्या माणसाला पॉलिएस्टर वितळते हे ठाऊक असायला हवे होते. कोपीत चूल कुठे असते, पाचटाचे छप्पर किती खाली असते, हेही आम्हांला ठाऊक होते. या दोन गोष्टी आम्ही शेजारी ठेवून पाहिल्या नाहीत. वाटपाचा तो फोटो आम्ही पत्रिकेला दिला नाही. त्याऐवजी हा लेख देत आहोत.

आगीजवळ काय होते

सुताला आग लागली की ते भराभर पेटते, ज्वाळा मोठी होते आणि राख होते. सुती कापड आगीला भीत नाही असे कोणी समजू नये. लोकर सहजी पेटत नाही. पेट घ्यायला जवळजवळ ६०० अंश उष्णता लागते. जाळ दूर केला की बहुधा आपोआप विझते आणि मागे चुरा होणारा कोळसा राहतो. पॉलिएस्टर मात्र २५०-२६० अंशांनाच वितळते. वितळलेला थेंब डांबरासारखा चिकटतो. आग विझली तरी तो आतून भाजत राहतो. त्यातही फ्लीसची लव उभी आणि मोकळी असल्यामुळे काही हलक्या प्रतीच्या कापडावर ज्योत पृष्ठभागावरून सरसर धावते. आणि सुताबरोबर पॉलिएस्टर मिसळलेले कापड तर अधिकच वाईट. सूत वातीसारखे जळत राहते आणि पॉलिएस्टर त्यात गळत राहते.

नुसत्या ठिणगीनेही भोके पडतात, हे शेकोटीवर बसणाऱ्या कोणाचेही जर्किन पाहिले की कळते. कारखान्यात बॉयलरजवळ, वेल्डिंगच्या कामावर असे जर्किन चालत नाही. आसवनीच्या आवारात तर आणखी एक कारण आहे. कोरड्या थंडीत हे कापड अंगातून काढताना चर्र आवाज होतो, अंधारात बारीक ठिणग्याही दिसतात. घर्षणाने साठलेली ती वीज. घरी तिने काही होत नाही, पण स्पिरिटच्या वाफेत एक ठिणगी पुरते. तेथे सुतीच कपडे हवेत.

कापड कशाचे आहे हे ओळखण्याची जुनी परीक्षा सांगतो. आतल्या शिवणीतून बोटभर धागा काढावा, चिमट्यात धरून, घराबाहेर, मोठ्या माणसाने काडी लावावी. गोळा होऊन वितळला आणि थंड झाल्यावर कडक मणी राहिला, तर पॉलिएस्टर. केस जळल्याचा वास येऊन विझला आणि बोटाने चुरडला गेला, तर लोकर. कागदासारखा जळून हलकी राख झाली, तर सूत.

घोंगडीला निरोप देऊ नका

त्या मुलीवर आईने घोंगडी टाकली, म्हणून हात वाचला. घोंगडीचे हे मोल आपण विसरत चाललो आहोत. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी असते, खड्ड्याच्या मागावर विणतात, चिंचोक्याची खळ देतात. विणीचे धागे दाट बसतात, त्यामुळे वारा अडतो. बारीक पावसाची सर वरच्यावर निथळते. ठिणगी पडली तर काळा ठिपका पडतो, भोक पडत नाही. ती जड असते, टोचते, भिजली की वाळायला दोन दिवस लागतात, हे दोषही आहेतच. पण जाळाजवळ बसायचे असेल तर घोंगडीसारखे दुसरे वस्त्र नाही.

ज्या धनगर बांधवांच्या मेंढ्या आपण खतासाठी रानात बसवून घेतो, त्यांना आता लोकरीला गिऱ्हाईक मिळत नाही. कातरण्याची मजुरीसुद्धा निघत नाही, म्हणून कित्येक ठिकाणी लोकर फेकून देतात. मेंढीचे नाव घेतलेले कापड बाजारभर आणि खरी मेंढी शेजारी असून तिची लोकर उकिरड्यावर, असा हा प्रकार आहे. घरटी एक घोंगडी घेतली तरी ती वर्षानुवर्षे टिकेल आणि सनगराच्या मागाला काम मिळेल.

धुण्याचे पाणी शेवटी कोणाच्या रानात?

एक तोटा डोळ्यांना दिसत नाही. हे कापड धुताना त्याचे अगदी बारीक तुकडे, केसाहून बारीक तंतू, पाण्यात सुटतात. इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठाने २०१६ साली मोजणी केली. तिच्यात सहा किलो पॉलिएस्टर कपड्यांच्या एका धुण्यातून सुमारे पाच लाख तंतू सुटू शकतात असा अंदाज निघाला. अॅक्रिलिकच्या स्वेटरांच्या कापडातून तर सात लाखांवर. हे प्लॅस्टिक आहे, ते कुजत नाही.

पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठेत जाते, तेथून भीमेत आणि पुढे उजनी धरणात. शिवाय प्रक्रिया केलेले काही पाणी मुंढव्याहून उचलून जुन्या मुठा कालव्यात सोडतात, आणि त्यावर हवेली-दौंडकडची शेती भिजते. प्रक्रियेत पुष्कळ तंतू गाळात अडकतात, पण सगळे नाही. आणि तो गाळही खत म्हणून रानात येऊ शकतो. म्हणजे पुण्यात धुतलेल्या जर्किनाचा अंश कोणाच्या तरी उसाच्या सरीत येणार. यावर उपाय आपल्या हाती थोडाच आहे, पण आहे. जर्किन दर आठवड्याला धुऊ नये, झटकून उन्हात टाकावे. धुताना गार पाणी वापरावे, उलटे करून धुवावे, ब्रशने घासू नये. यंत्रात थोडेसे कपडे टाकून फिरवू नयेत. असे केले तर कापडही जास्त टिकते.

मग घ्यावे की न घ्यावे?

आमचे मत असे. घ्यावे. कोरड्या थंडीत, चालताना, काम करताना, रात्री दारे धरताना या कापडासारखे हलके आणि सोयीचे दुसरे काही स्वस्तात मिळत नाही. पण ते प्रत्येक कामाचे नाही. औषध चांगले असले तरी कोणत्या पिकाला, किती आणि कधी, हे पाहूनच आपण फवारतो. कपड्यालाही तोच न्याय लावावा. पुढील गोष्टी घरात सर्वांना वाचून दाखवाव्यात :

१) शेकोटी, चूल, पाचट पेटलेले रान, बॉयलर, वेल्डिंग यांजवळ जाण्यापूर्वी फ्लीसचे जर्किन काढावे. शेकायचे असेल तर घोंगडी पांघरावी.

२) लहान मुलांना मापाचेच द्यावे. लांब बाह्या दुमडून शिवून घ्याव्यात. चुलीजवळ वावरणाऱ्या मुलांना लोकरी किंवा घट्ट विणीचे सुती जाड कपडे द्यावेत.

३) मोटारसायकलवर जाताना वरून वारा अडवणारे कापड घालावे.

४) रात्री दारे धरायला जाताना आत कोरडा सदरा, वर फ्लीस, त्यावर प्लॅस्टिकचा किंवा पावसाळी कोट. डोक्याला कानटोपी विसरू नये.

५) फिरत्या यंत्रापाशी लोंबती नाडी, लोंबता मफलर ठेवू नये.

६) आसवनी आणि पेट्रोल-डिझेलच्या साठ्याजवळ सुतीच कपडे घालावेत.

७) अंगावरचा कपडा पेटलाच तर पळू नये. पळाल्याने वारा मिळून आग वाढते. जागीच थांबावे, जमिनीवर पडावे, लोळावे. दुसऱ्याने घोंगडी किंवा जाड गोधडी टाकावी.

८) भाजलेल्या जागी वीस मिनिटे साधे गार पाणी ओतत राहावे. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद, तेल काही लावू नये. कातडीला चिकटलेले कापड ओढून काढू नये. तसेच स्वच्छ ओल्या फडक्याने झाकून दवाखाना गाठावा.

शेवटी एक विनंती

या हंगामातही पुण्याची पोरे जर्किने गोळा करीत आहेत. त्यांना आम्ही "पाठवू नका" असे कळवलेले नाही. चांगल्या मनाने दिलेली वस्तू नाकारू नये. पण या वेळी "निवडून पाठवा" असे कळवले आहे. लोकरी आणि सुती वेगळे, फ्लीस वेगळे. फ्लीस मोठ्या माणसांना, आणि तेही समजावून सांगूनच. मुलांना लोकरी स्वेटर. कमी पडले तर सभासद घरांतून पेटीत पडलेले जुने विणलेले स्वेटर गोळा करू. आपल्या गटाच्या शेतकी ऑफिसात आणून दिले तरी चालेल, चिटबॉयकडे दिले तरी पोहोचतील.

आणि एक. ज्या घरचा मुलगा किंवा मुलगी पुण्यात शिकते आहे, त्यांनी सुट्टीला घरी आल्यावर शेकोटीवर बसताना जर्किन काढून खुंटीला टांगायची सवय लावून घ्यावी. तुमच्या आजोबांची घोंगडी त्याच खुंटीवर असेल. ती पांघरा. थोडी चावेल, पण जाळाला दाद देणार नाही.

त्या मुलीची टोळी या वर्षीही आपल्याच कारखान्याकडे आली आहे. परवा तळावर गेलो तेव्हा ती धाकट्या भावाला चुलीपासून मागे ओढत होती. आम्हांला पाहून हसली. आम्हांलाही हसावे लागले.

आपला,
ऊस विकास अधिकारी,
शेती विभाग